फोटोंचीही तेरीज जुळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या पतसंस्थेच्या दारात एक सूचना लागली. ‘संगणक प्रणाली अद्ययावत करताना जुन्या सभासदांचे फोटो व सह्यांचे नमुने खराब झाल्याचे आढळून आले आहे. तरी सर्व सभासदांनी दोन पासपोर्ट फोटो घेऊन शाखेत समक्ष यावे.’ खाली शिक्का आणि सही. मी पेन्शनरांच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढच्या आजोबांनी ती सूचना मोठ्याने वाचली आणि विचारलं, “म्हणजे आम्ही खराब झालो का आमचं फोटो?”

त्या सूचनेतला ‘खराब’ हा शब्द मला फार लागला, कारण ते फोटो मी घातलेले होते. याच संस्थेत मी लेखनिक म्हणून एकतीस वर्षं काढली आणि २०१९ साली निवृत्त झाले. संगणकाची पदवी माझ्याकडे नाही. १९९९ साली, सन २००० उजाडताना सगळी यंत्रं बंद पडणार अशी हवा होती तेव्हा संस्थेने विंडोज ९८ आणि ऑफिस ९७ असलेला एक संगणक घेतला. त्यातल्या ॲक्सेसमध्ये, म्हणजे नोंदी साठवायच्या प्रोग्राममध्ये, मी पुस्तकात बघून बघून सभासदांची नोंदवही तयार केली. तिला आम्ही ‘सभासद वही’ म्हणायचो. ती एकवीस-बावीस वर्षं चालली. नव्या प्रणालीने तिची जागा घेतली हे योग्यच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या कंपनीने हे काम केलं तिचं नाव मी इथे लिहीत नाही. जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या हातून झालं असतं, आणि निम्मी चूक माझी स्वतःची आहे. ती पुढे सांगते.

सूचना वाचून मी शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेले. तिथे नव्या कंपनीचा मुलगा बसला होता. वय पंचवीस-सव्वीस. तो मला काकू म्हणतो, मी त्याला अरे-तुरे करते. त्याने पडद्यावर एक फोल्डर उघडून दाखवला. जुन्या फाइलीतून काढलेले दीड हजार फोटो, प्रत्येकाच्या शेपटीला जेपीजी लावलेलं, आणि एकही उघडत नव्हता. “सगळे करप्ट आहेत काकू. आणि दुसरी फाइल तर उघडतच नाही. आधीच्या आवृत्तीतली आहे म्हणते.”

मी त्याला विचारलं, “ठेवी किती निघाल्या?” म्हणाला, पैशापर्यंत जुळल्या. शेअर्स जुळले, कर्जं जुळली, तेरीज, म्हणजे जमा-नाव्यांचा ताळा, पहिल्याच फटक्यात बसली. नावंसुद्धा त्यांनी चांगली आणली, हे मान्य करायला हवं. आमची नावं त्या काळच्या फाँटमध्ये होती. फाँट नसेल तर ती चिन्हांची खिचडी दिसायची. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येतील अशा अक्षरांत, आणताना ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ होऊ नये म्हणून या मुलाने दोन दिवस घातले होते. फोटोंवर मात्र त्याने अर्धा तास घातला होता. मला वाटतं सगळं दुखणं इथेच आहे. आकड्याला जमा-नावे असतं, तो चुकला की तेरीज ओरडते. नाव चुकलं की माणूस ओरडतो. फोटोला तेरीज नाही. म्हणून तो सगळ्यात शेवटी आठवतो, आणि उघडला नाही की ‘खराब’ म्हणून मोकळं होता येतं.

आता माझी चूक. ॲक्सेस ९७ मध्ये फोटो ठेवायचा तर ‘ओएलई ऑब्जेक्ट’ नावाचा रकाना असे. मी तोच घेतला, पुस्तकात तोच होता. या रकान्याची रीत अशी, की चित्र त्यात उघडंवाघडं पडत नाही. एसटीने पार्सल पाठवताना खोक्यावर चिठ्ठी डकवतात तसं चित्राभोवती एक खोकं होतं, वर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की हे खोकं अमुक प्रोग्रामने उघडावं. शिवाय खोक्याच्या तळाशी, नुसतं दाखवण्यापुरती, चित्राची आणखी एक प्रत. प्रोग्राम बदलला, गेला, की खोकं उघडणारा उरत नाही. पण म्हणून आतला माल सडत नाही. त्या मुलाने खोक्यासकट सगळं बाहेर काढलं होतं आणि त्यावर जेपीजी असं लिहून ठेवलं होतं. चित्र बघणारा कुठलाही प्रोग्राम पहिले काही बाइट बघतो. तिथे त्याला चित्राऐवजी चिठ्ठी दिसली, आणि त्याने हात वर केले.

मी त्याला म्हटलं, एक फाइल अक्षरशः बाइट-बाइट करून दाखव. त्याच्याकडे तसं बघायचं साधन होतंच. पहिले दोन बाइट १५ आणि १सी (हे आकडे सोळाच्या पद्धतीतले, त्यात नऊच्या पुढे ए ते एफ येतात). पुढे थोड्या अंतरावर चक्क वाचता येईल असं इंग्रजी अक्षरांत ‘पॅकेज’. दुसरी उघडली, तेच. पाच-पन्नास फाइली बघितल्या, सगळीकडे १५ आणि १सी. खराब झालेल्या फाइली इतक्या शिस्तीत खराब होत नाहीत. तो खुर्चीत सरळ होऊन बसला.

दुसरी फाइल, म्हणजे वयाने पहिली, ती न उघडण्याचं कारण साधं होतं. ती ॲक्सेस ९७ च्या साच्यातली. ॲक्सेस २०१३ पासून हा साचा वाचण्याची सोय काढून टाकली आहे. २०१० पर्यंतचं ॲक्सेस ती उघडून नव्या साच्यात बदलून देतं. माझ्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर ऑफिस २०१० आहे, तिने तो मला भाजीच्या पाककृती बघायला दिला होता. पण मूळ फाइल आणायची कुठून? ती होती मागच्या खोलीतल्या, रद्दीच्या गठ्ठ्यांमागे ठेवलेल्या त्याच पहिल्या संगणकावर. त्यावर ‘भंगार’ अशी चिठ्ठी लागली होती आणि भंगारवाल्याशी भावही ठरला होता. (किती, ते लिहीत नाही, लाज वाटते.) आत बोर्डावर एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो बदलला, तारीख घातली, आणि घरघर करत विंडोज ९८ चा ढगांचा पडदा आला. मला खरंच भरून आलं. मुलगा हसत होता, त्याने तो पडदा पहिल्यांदाच पाहिला.

तिथे पेनड्राइव्ह चालला नाही, विंडोज ९८ ला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे जोडणीचा छोटा प्रोग्राम, लागतो. मग आतली आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीची, डिस्क काढली, ॲडॉप्टरने नव्या संगणकाला लावली आणि सगळ्यात आधी अख्ख्या डिस्कची प्रत करून घेतली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. जुनी डिस्क फिरते आहे तोवर पहिलं काम प्रत करण्याचं, फोटो बघण्याचं नंतर.

सभासद वहीच्या दोन फाइली का झाल्या हेही सांगते, कारण तिथेही फोटोच होते. सुरुवातीला फोटो मी स्कॅनरवर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) घ्यायचे आणि पेंट या चित्रांच्या प्रोग्राममधून कॉपी करून चिकटवायचे. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ ठिपके. रंगीत चित्रात दर ठिपक्याला तीन बाइट. ओळीची लांबी चारच्या पटीत करायला एखादा बाइट जास्त. गुणाकार करून त्यात सुरुवातीचे माहितीचे ५४ बाइट मिळवले तर बिटमॅपची, म्हणजे न दाबता साठवलेल्या चित्राची, फाइल ६,५८,४९४ बाइटची होते. त्यात ती दाखवण्यापुरती दुसरी प्रत. एका माणसाच्या चेहऱ्याला तेरा लाख बाइट! ॲक्सेस ९७ च्या फाइलीला १ जीबीची मर्यादा होती, नंतरच्या आवृत्त्यांत ती २ जीबी झाली. आठशेबारा सभासद झाले आणि २००३ साली वही जागेवरच थांबली. नवीन नोंद घेईना. सभासदांची नावं, पत्ते, वारस हे सगळं मिळून त्यात दोन-चार एमबीसुद्धा नव्हतं, बाकी सगळे चेहरे. हिशोब कुणी केला नव्हता, मी तर नाहीच. मग ऑफिस २००३ असलेला दुसरा संगणक आला, पुढचे सभासद नव्या फाइलीत, आणि जुन्यांसाठी आतल्या खोलीतल्या मशीनवर जायचं. रोखपालांना जुने सभासद तोंडओळखीचे, त्यामुळे कुणाचं अडलं नाही.

नव्या फाइलीत एक गंमत झाली. तोवर स्टुडिओवाले जेपीजी द्यायला लागले होते. ऑफिस एक्सपीपर्यंत जेपीजीचं खोकं उघडायला मायक्रोसॉफ्ट फोटो एडिटर नावाचा प्रोग्राम सोबत यायचा. ऑफिस २००३ मधून तो काढला, आणि त्याच्या जागी जो आला तो हे खोक्याचं काम करत नसे. परिणाम असा की फोटो घातला तर फॉर्मवर चेहऱ्याऐवजी नुसतं एक चिन्ह आणि खाली फाइलीचं नाव. मी तेव्हा खूप वैतागले होते. चिन्हावर दोनदा टिचकी मारली की फोटो वेगळ्या खिडकीत दिसायचा, तेवढ्यावर भागवलं. हेच ते ‘पॅकेज’. पुढे एक एक फोटो मोकळा करताना कळलं, की दिसायला सगळ्यात वाईट असलेल्या या खोक्यांतच मूळ जेपीजी जसाच्या तसा, एक बाइट इकडेतिकडे न होता बसलेला आहे. आणि पडद्यावर छान दिसणारे जुने फोटो मात्र फुगवून ठेवलेले.

मोकळं करण्याची कृती आता सांगते, कारण महाराष्ट्रात अशा ‘सभासद वह्या’ आमच्याकडेच नसणार. वाचनालयं, शाळांची जनरल रजिस्टरं, वधू-वर मंडळं, दवाखाने, त्या काळात कुणीतरी एक हौशी माणूस होता आणि त्याने ॲक्सेसमध्ये काहीतरी बांधून ठेवलं, असं प्रत्येक तालुक्यात सापडेल.

पेंटमधून चिकटवलेल्या बिटमॅपच्या खोक्यात चित्राआधी ७८ बाइट असतात. हा आकडा माहितगारांमध्ये प्रसिद्ध आहे. ॲक्सेसबरोबर नमुना म्हणून जी नॉर्थविंड नावाची वही यायची, तिच्यातल्या कर्मचाऱ्यांच्या फोटोंनाही हेच ७८ लागू पडतात. पण ७८ हा मंत्र समजू नये. सुरुवातीचे २०, मग ‘बिटमॅप इमेज’ या नावाचे १३, ‘पेंट.पिक्चर’चे १४, इथवर ४७. पुढे आणखी एक जुनं नाव आणि काही रिकामी घरं मिळून ३१. नाव बदललं की आकडा बदलला. म्हणून मोजत बसण्यापेक्षा खूण शोधावी. बिटमॅपची सुरुवात बी आणि एम या दोन अक्षरांनी होते, जेपीजीची एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी. आणि चित्र सुरू होण्याच्या लगेच आधीच्या चार बाइटांत चित्राची लांबी लिहिलेली असते, फक्त उलट्या क्रमाने. आमच्या फोटोंत तिथे ३ई, ०सी, ०ए, ०० असं होतं. उलटं वाचून दशमानात आणलं तर ६,५८,४९४! कागदावर केलेला गुणाकार आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं खोकं, दोघांनी एकच आकडा सांगितला. इतकी छान तेरीज मी नोकरीत फार वेळा पाहिली नाही.

ती लांबी वाचायची हे मी त्या मुलाला सांगितलं होतं. पण हुशार मुलांना आडवाट आवडते. जेपीजीचा शेवट एफएफ, डी९ असा असतो, म्हणून त्याने ‘पहिली खूण ते शेवटची खूण’ न घेता ‘पहिली खूण ते पहिला शेवट’ असं कापलं. डिजिटल कॅमेऱ्याच्या जेपीजीच्या पोटात, माहितीच्या भागात, एक टिकलीएवढं छोटं चित्र असतं, आणि त्या छोट्या चित्राला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट असतो. त्याची कात्री नेमकी त्या टिकलीपाशी थांबली. १४३ फोटो असे अर्धवट कापले गेले. तो पुन्हा “करप्ट आहेत” म्हणायला लागला, तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि मग बोलले.

बिटमॅपच्या वेळी तर आणखी मजा. लांबी नीट घेतली, कापलं नीट, पण नव्या प्रणालीत घालायला त्याने बिटमॅपचं जेपीजी करणारा स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्याच सभासदाने शीर्षासन केलं. बिटमॅपमध्ये ओळी खालून वर लिहिलेल्या असतात, शेवटची ओळ आधी. ते दुरुस्त केलं, तर सगळे चेहरे निळे. तिथे रंगांचा क्रम निळा-हिरवा-तांबडा असा उलटा असतो, त्याने तांबडा आधी धरला होता. माजी चेअरमन साहेबांचा निळा फोटो आम्ही बराच वेळ पडद्यावर राहू दिला. काम थोडं लांबलं, पण शाखेत बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

सह्यांचं दुखणं वेगळं. सह्या मी शहाणपणाने काळ्या-पांढऱ्या, एका ठिपक्याला एक बिट अशा घेतल्या होत्या. ६०० बाय २०० ची सही तशी पंधरा हजार बाइटांत बसते, रंगीत घेतली तर ३ लाख ६० हजार. पण अशा चित्रात शून्य म्हणजे काळा की पांढरा हे सोबतच्या रंगपट्टीवर अवलंबून असतं. प्रोग्रामने ती पट्टी न बघता शून्य म्हणजे पांढरा असं गृहीत धरलं आणि सगळ्या सह्या काळ्या कागदावर पांढऱ्या शाईने उमटल्या. अंगठ्यांचे ठसेसुद्धा. रोखपाल म्हणाले, “असू द्या, ओळखू येतात.” मी म्हटलं, अंगठ्याच्या ठशात रेघ कुठली आणि खाच कुठली हे उलटं झालं तर तुम्ही जुळवणार काय? मग तेही सरळ केलं.

पहिल्या फाइलीतले ११८ फोटो, फोटो एडिटरच्या खोक्यातले, यांना वरची कुठलीच युक्ती चालली नाही. त्यांच्या पोटात डी०, सीएफ, ११, ई० अशी सुरुवात असलेलं दुसरंच कपाट निघालं, ज्यात माल ५१२ बाइटांच्या खणांत ठेवतात आणि खण ओळीनेच असतील असं नाही. यासाठीही साधनं आहेत. पण आमच्याकडे जुनी डिस्क परत जागेवर बसवून सुरू होणारा संगणक होता आणि त्यावर फोटो एडिटर जिवंत होता. शिपाईकाकांची मुलगी बारावीच्या सुट्टीत होती. ती आणि मी, दोघींनी चार दुपारी बसून एक एक फोटो दोनदा टिचकी मारून उघडला आणि वेगळा जतन केला. मुलगा म्हणाला, हे प्रोग्रामने झालं असतं. झालं असतं. आमचं चार दुपारी झालं.

खरं नुकसान झालं ते ३७ फोटोंचं, आणि ते पूर्णपणे माझ्या नावावर. फाइल फुगते म्हणून एका वर्षी मी फोटो आत न घालता नुसता दुवा घालायला सुरुवात केली होती. चौकटीत एक बारीकशी खूण करायची असते, ती केली की चित्र बाहेर राहतं आणि आत फक्त पत्ता. खोक्यांच्या लांब्या मांडल्या तेव्हा हे ३७ लगेच वेगळे दिसले, बाकीचे लाखांत आणि हे दोन-चार हजार बाइटांचे. पत्ता होता डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरचा. ती डी डिस्क केव्हाच बदलली गेली होती. एका सीडीवर, माझ्याच अक्षरात ‘फोटो जुने’ लिहिलेल्या, २२ सापडले. पंधरा गेले.

दुव्यांचीच आणखी एक करामत सांगते. सभासद वही नव्या संगणकावर उघडली की ‘फाइल उघडता येत नाही’ असे एकामागून एक नऊ संदेश येत. मुलाला वाटलं वहीच बिघडली. ती माझी बटणं होती. विंडोज ९८ मध्ये देवनागरीची स्वतःची सोय नव्हती. ती विंडोज २००० पासून मंगल फाँटबरोबर आली. आमच्या दुसऱ्या शाखेत मराठी फाँटच नव्हता, तिथे बटणांवर भलतीच चिन्हं दिसत. म्हणून ‘जतन करा’, ‘शोधा’, ‘पुढचा सभासद’ असे शब्द मी पेंटमध्ये चित्रं म्हणून काढले आणि फॉर्मवर ती चित्रं बटणांसारखी लावली. चित्रांचा फोल्डर गेला, बटणं गेली. नव्या प्रणालीला त्यांचा काही उपयोग नाही हे मलाही कळतं. तरी ती नऊ चित्रं मी जुन्या डिस्कवरून काढून घेतली आहेत. ‘पुढचा सभासद’ मधला ‘ढ’ मला कधीच नीट जमला नव्हता.

आता हिशोब. वहीत सभासद २,३४०. मुळात फोटोच नसलेले २८. उरले २,३१२. पैकी बिटमॅप ६९४, फोटो एडिटरचे ११८, पॅकेज १,४६३, दुवे ३७. बेरीज २,३१२, जुळली. परत मिळाले २,२९७, गेले १५. ही माझी तेरीज. ती मांडायला कागदाचा एक ताव लागला, आणि ती आधी मांडली असती तर दारातली सूचना लागलीच नसती. संस्थेने २,३४० माणसांना फोटोसाठी बोलावलं होतं, त्यांतले किती मुंबई-पुण्याला मुलांकडे आहेत, किती अंथरुणावर आहेत आणि किती आता नाहीतच, हे कुणी मोजलं नव्हतं. गेलेल्या सभासदाच्या फोटोचं काय करायचं असं मला एका संचालकांनी विचारलं. वारसाचा दावा येतो तेव्हा जुन्या सहीचा नमुना आणि चेहरा नसेल तर काय गोंधळ होतो, हे त्यांना त्यांच्याच विभागातल्या लोकांनी नंतर सांगितलं असेल.

संपादक महोदय, माझी मागणी अगदी छोटी आहे. पतसंस्था, वाचनालयं, नगरपालिका नवीन प्रणालीसाठी दरपत्रक मागवतात, त्यात ‘जुना डेटा आणून देणे’ अशी एक ओळ असते. तिच्याखाली आणखी एक ओळ घालायला लावा: जुन्या वहीत चित्रं किती, कुठल्या प्रकारची, आणि नव्या प्रणालीत उघडून डोळ्यांनी पाहिलेली किती. ‘आणली किती’ नको, ‘पाहिलेली किती’ हवं. आमच्या निळ्या चेअरमनांची फाइलही आणलेलीच होती. लेखापरीक्षक येतात तेव्हा त्यांनी तेरजेबरोबर हाही कागद मागावा. आणि ही दोन टोटलं जुळेपर्यंत जुना संगणक भंगारात देऊ नये, मग तो कितीही अडगळ करो.

आणखी एक, ज्यांची वही अजून ॲक्सेसमध्येच चालू आहे त्यांच्यासाठी. २००७ च्या ॲक्सेसपासून चित्र मूळ रूपातच ठेवण्याचा पर्याय आहे आणि ‘अटॅचमेंट’ नावाचा निराळा रकानाही आहे, त्यात ते खोक्याचं लचांड नाही. पण दुधाने पोळल्यामुळे मी आता फोटो वहीत घालण्याच्याच विरुद्ध आहे. फोटो वहीशेजारच्या फोल्डरमध्ये, नाव म्हणून सभासद क्रमांक (माणसाचं नाव नको, आमच्याकडे एकाच नावाचे चार सभासद आहेत), आणि वहीत फक्त तो क्रमांक. डी ड्राइव्ह, सी ड्राइव्ह असा पत्ता लिहायचा नाही. बॅकअप घेताना वही आणि फोल्डर दोन्ही. मुलगा म्हणतो, नव्या प्रणालीत असंच केलं आहे. मी फोल्डर उघडायला लावून पाहिलं. केलं आहे.

पत्र फार लांबलं. कापायचं तर शीर्षासनाचा भाग कापा, आकडे ठेवा.

दारातली सूचना आता उतरवली आहे. तिच्या जागी पंधरा नावांची छोटी यादी लागली होती, त्यातल्या नऊ जणांनी फोटो आणून दिले. सहा राहिलेत. वाईतल्या किंवा आसपासच्या वाचकांपैकी कुणाला ती यादी पाहून आपलं नाव दिसलं, तर येताना एक फोटो आणावा, दोन नकोत. सोमवारी आणि गुरुवारी अकरा ते एक मी तिथेच असते. स्कॅनर मीच चालवते, आणि आता १५० डीपीआयला.

आपली,
एक निवृत्त लेखनिक, वाई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)